साप चावल्यावर मोबाईल उघडताय? आधी हे वाचून ठेवा

पेरण्या उरकतात, बांधावर गवत गुडघ्याएवढं होतं आणि आपल्या भागात सर्पदंशाच्या बातम्या सुरू होतात. पूर्वी असं काही घडलं की शेजारपाजारचं एखादं जाणतं माणूस धावत यायचं. आता त्याच्या आधी मोबाईल हातात येतो. 'साप चावल्यावर काय करावे' असं बोलून शोधलं की पाच-पन्नास व्हिडिओ समोर उभे. कुणी कांदा लावायला सांगतो, कुणी दंशाच्या वर करकचून दोरी बांधायला, कुणी ब्लेडने कापून रक्त काढायला. दोन-तीन व्हिडिओ बघण्यात दहा मिनिटं जातात. ही दहा मिनिटं फार महाग पडू शकतात.

मोबाईलवर आरोग्याची माहिती बघणं वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. उलट दवाखान्यात डॉक्टरांनी दोन मिनिटांत जे सांगितलं ते घरी येऊन नीट समजून घ्यायला मोबाईलसारखं साधन नाही. पण कोणत्या वेळी मोबाईलमध्ये शोधायचं आणि कोणत्या वेळी तो फक्त फोन लावायला वापरायचा, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. साप, कुत्रं, विंचू, विषारी औषध पोटात जाणं, छातीत दुखणं, अचानक एक बाजू लुळी पडणं, बाळंतपणातला रक्तस्राव, या वेळी शोधाशोध करायची नाही. १०८ लावायचा किंवा गाडी काढायची.

पहाटेची पोटदुखी

सर्पदंशाचं उदाहरण आधी घेऊ, कारण चुकीची माहिती कशी घात करते ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे माणसाला मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस किंवा फुरसं चावलं तर जागा सुजते, ठणकते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ शकतं. माणूस घाबरतो आणि दवाखान्यात जातो. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री फिरते, उबेला अंथरुणात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण बऱ्याचदा दिसतच नाही. सूज नाही, फारसं दुखणंही नाही. माणूस झोपेतच असतो. पहाटे उठतो तो पोटात कळ घेऊन. उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो.

आता घरातला मुलगा मोबाईलवर काय शोधणार? 'पोटदुखीवर घरगुती उपाय.' उत्तर काय येणार? ओवा, हिंग, लिंबू-सोडा. उत्तर खोटं नाही, साध्या पोटदुखीला ते चालेल. चुकलेला आहे तो प्रश्न. मोबाईलला माहीत नाही की हा माणूस काल रात्री गोठ्याशेजारी जमिनीवर झोपला होता. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात, बोलणं लडबडतं, थुंकी गिळता येत नाही, आणि मग श्वास घेणारे स्नायूच ढिले पडतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखत असेल आणि डोळे उघडे ठेवायला जड जात असेल, तर साप दिसो न दिसो, थेट रुग्णालय गाठायचं. डॉक्टरांना एवढंच सांगायचं की रात्री खाली झोपला होता, डोळे जड पडताहेत. त्यांना पुढचं कळतं.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं ते उगीच नाही.

मंत्राने बरा झाला, तो कसा?

भगताने उतरवलं आणि माणूस उठून बसला, असा एक तरी किस्सा प्रत्येक गावात असतो. आता त्याचेच व्हिडिओ निघालेत. किस्सा खरा असू शकतो. पण कारण वेगळं आहे. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर चावले तर जखमेपलीकडे काही होत नाही. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंशही असतो. म्हणजे दहा जणांना भगताकडे नेलं तर त्यातले बरेच जण काहीच न करताही वाचले असते. नाव भगताचं झालं. जो गेला त्याच्याबद्दल 'उशीर झाला', 'सूतक होतं' असं म्हणून विषय संपवतात.

मोबाईलवर हेच होतं, फक्त शंभरपट. वाचलेला माणूस व्हिडिओ करतो, खाली 'मलाही फरक पडला' अशी टिप्पणी लिहितो. मेलेला माणूस टिप्पणी लिहीत नाही. कुठल्याही रामबाण उपायाखाली हजार चांगल्या टिप्पण्या दिसल्या तर हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. साप, कुत्रं किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा असले उपचार करणं हा महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

व्हिडिओत दिसतं ते का करायचं नाही

दोरी करकचून बांधली की विष थांबेल, हे ऐकायला पटतं. प्रत्यक्षात घोणस-फुरशाचं विष त्या भागातलं मांस कुजवतं. रक्त अडवलं की विष तिथेच साचतं, पाय काळा पडतो, कधी कापावाही लागतो. आणि दोरी एकदम सोडली की साचलेलं विष एकदम अंगात जातं. म्हणून कुणी आधीच बांधलेली असेल तर घरी सोडू नका, ते काम डॉक्टरांसमोर होऊ द्या. ब्लेडने कापणं तर त्याहून वाईट, कारण या विषाने रक्त गोठायचं बंद होतं आणि कापलेल्या जागेतून रक्त थांबतच नाही. तोंडाने विष ओढून निघत नाही. सिनेमात निघतं.

करायचं ते अगदी साधं आहे. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, धावू तर अजिबात नाही, कारण हालचालीने विष लवकर पसरतं. हाताला-पायाला चावलं असेल तर मोडलेल्या हाडाला बांधतो तशी काठी किंवा कामटी लावून तो अवयव पंचाने सैलसर बांधा, हलणार नाही एवढंच. अंगठी, जोडवी, बांगड्या, करदोटा आधी काढा, सूज आली की त्या रुततात. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. साप मारायच्या मागे लागू नका. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी अडत नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, त्या चारही सापांवर एकच आहे आणि डॉक्टर लक्षणं बघून व रक्त गोठतंय का ते तपासून ते देतात.

हे इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनवतात. त्याची काही जणांना जोरात रिॲक्शन येते, म्हणून ते घरी किंवा खासगी कंपाउंडरकडून घ्यायची वस्तू नाही. सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात. मुलांनाही तेवढ्याच, कारण साप लहान मुलाला बघून विष कमी सोडत नाही. 'एवढ्याशा पोराला एवढी इंजेक्शनं कशाला' म्हणून नातेवाईक वाद घालतात, तो घालू नका. सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन मोफत मिळतं.

विंचवाबद्दल थोडक्यात. एकेकाळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने कितीतरी लोक, विशेषतः मुलं, दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवला आणि १९८६ साली ते काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. साध्या, स्वस्त गोळीने जीव वाचू लागले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर बिब्बा न लावता दवाखाना गाठा.

'दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा'

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. व्हॉट्सॲपवर फिरताना त्याचा अर्थ असा झाला आहे की आधी दहा दिवस कुत्रं बघा, मेलं तरच सुई घ्या. मूळ सूचना अशी आहे की लस आजच सुरू करा आणि त्याच वेळी कुत्र्यावरही नजर ठेवा. दहा दिवसांनी कुत्रं धडधाकट असेल तर पुढचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. मिरची, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही. मग लस: सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेली जखम असेल तर लशीबरोबर जखमेत सोडायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते जवळच्या केंद्रात नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात, तिकडे जायचा कंटाळा करू नका. पोटात चौदा सुया हा जुना काळ संपला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्यामुळे इथे 'बघू, काय होतंय' चालत नाही.

शुगर 'मुळापासून' घालवणारे

सापाच्या वेळी घाई असते, म्हणून फसतो. शुगर-बीपीच्या बाबतीत उलट आहे. इथे वेळ भरपूर असतो, म्हणून फसतो. रोज संध्याकाळी पारावर बसून एक व्हिडिओ, त्याच्या शेपटाला दुसरा. तुम्ही एकदा 'शुगर कायमची बंद' बघितलं की मोबाईल तुम्हाला तसलेच व्हिडिओ पुढे करत राहतो, कारण तुम्ही जास्त वेळ बघावं एवढंच त्याला कळतं. चार दिवसांनी वाटायला लागतं की सगळं जग हेच म्हणतंय. जग म्हणत नसतं, तुमचा मोबाईल म्हणत असतो.

मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मोतीबिंदू, मुतखडा, लकवा अशा आजारांवर खात्रीशीर इलाज असल्याची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ सालच्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. म्हणजे जो 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणतो, तो तिथेच कायदा मोडतोय. एवढी एक खूण पाठ केली तरी निम्मी फसवणूक टळेल.

कारल्याचा रस प्यायला आमची हरकत नाही. पण गोळी चालू ठेवून वर रोज ग्लासभर रस सुरू केला आणि जेवण कमी केलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आणि गोळी बंद करून नुसता रस घेतला तर साखर हळूहळू वर जाते, पण तसं जाणवत नाही. म्हणून माणूस सांगत सुटतो, 'मी गोळ्या सोडल्या, काही झालं नाही.' होत असतं ते आत, मूत्रपिंडात, डोळ्याच्या पडद्यात, पायाच्या नसांत. बीपीचंही तसंच. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी बरं झालं असं नाही, बहुतेकांना वाढलेलं बीपी कळतच नाही. काही जणांचं वजन उतरून, चालणं वाढून गोळ्या खरोखर कमी होतात. पण त्या तपासणी करून डॉक्टर कमी करतात. ज्या मुलांना लहानपणापासून इन्सुलिन लागतं त्यांचं इन्सुलिन कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. इथे प्रयोग नको.

एक गोष्ट व्हिडिओवाल्यांच्या बाजूने सांगायला हवी. ते मराठीत, तुमच्याशी बोलल्यासारखं बोलतात, वेळ देतात. दवाखान्यात अनेकदा कुणी मान वर करून बघत नाही. लोक तिकडे वळले यात सगळा दोष लोकांचा नाही.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं

शोधताना शब्द कसे टाकता यावर बरंच अवलंबून आहे. 'गोळीशिवाय बीपी बरे करणे' असं विचारलं तर तेच सांगणारे लोक समोर येतील. त्याऐवजी 'बीपीची गोळी अचानक बंद केली तर काय होते' असं विचारून बघा, वेगळीच माहिती येईल. दोन्ही बाजूंनी विचारायची सवय लावली की माणूस लवकर फसत नाही. 'डोकेदुखी कारणे' एवढंच टाकलं तर मेंदूच्या गाठीपर्यंत सगळं येतं आणि रात्रीची झोप जाते. वय, किती दिवसांपासून, सोबत ताप-उलटी आहे का, एवढं तरी घाला.

मग कोण सांगतंय ते बघा. पांढरा कोट कुणीही घालतं. एमबीबीएस डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या पाटीवर, चिठ्ठीवर असतो. जो क्रमांक सांगत नाही पण शेवटी आपली डबी विकतो, तो दुकानदार. व्हिडिओची तारीखही बघा. कोरोनाच्या वेळचे काढे अजून नवीन म्हणून फिरताहेत.

आता मोबाईलवर सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर येतं. भाषा इतकी गुळगुळीत की शंका घ्यावीशी वाटत नाही. आजार म्हणजे काय, तपासणी कशासाठी, पथ्य काय, हे समजून घ्यायला ते कामाला येतं. गोळी किती मिलीग्रामची आणि दिवसातून किती वेळा, हे त्याला विचारून घ्यायचं नाही, मुलांच्या बाबतीत तर नाहीच. मुलांचा डोस वजनावर ठरतो. गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढं तर मोबाईलशिवायही दिसतं.

रिपोर्टवरची फुली

हल्ली लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवरच येतो, आणि डॉक्टरांच्या आधी सगळं घर तो वाचतं. आकड्यापुढे फुली किंवा जाड अक्षर दिसलं की घबराट. प्रत्येक आकड्याशेजारी त्या लॅबची नेहमीची मर्यादा छापलेली असते. थोडं इकडेतिकडे असणं म्हणजे आजारच असं नाही. पण काही आकडे समजून घेण्यासारखे आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह धरतात, ५.७ च्या खाली ठीक. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे.

डेंगीत सगळ्यांचं लक्ष पेशींवर. दीड लाखाच्या खाली आल्या की पपईच्या पानांचा शोध सुरू. खरा धोका मात्र बऱ्याचदा ताप उतरल्यावरच्या दिवस-दोन दिवसांत असतो, जेव्हा घरचे म्हणतात, 'आता बरं आहे.' त्या वेळी पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणं, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर पेशींचा आकडा कितीही असो, भरती करा. आणि डेंगीची शंका असताना अंगदुखीची कुठलीही गोळी मेडिकलमधून घेऊ नका. पॅरासिटामॉल चालते, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

मोबाईल इथे वापरा

१०८ ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. १०४ वर आरोग्याचा सल्ला मिळतो. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांशी व्हिडिओवर मोफत बोलता येतं, मोबाईल जमत नसेल तर उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा, ते जोडून देतात. मनावर ताण असेल, झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानस आहे, मराठीत बोलतात.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून न्या, 'ती पांढरी, गोल' सांगून कुणालाच कळत नाही. डॉक्टर काय सांगतात ते परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, घरी म्हाताऱ्या माणसांना ऐकवायला बरं पडतं. फॉरवर्ड आलेला उपाय करायच्या आधी आशाताईंना दाखवा. त्यांना सगळं येतं असं नाही, पण कुणाला विचारायचं हे त्यांना माहीत असतं.

आणि पावसाळा जोरात यायच्या आत एक फोन आजच करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला विचारा: सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक आहेत, आणि रात्री डॉक्टर असतात का? उत्तर 'नाही' आलं तर रात्री सुरू असलेलं पुढचं जवळचं ठिकाण कोणतं, तेही त्याच फोनवर विचारा. तो नंबर, आणि गावात रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर, घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये 'अ' लावून सेव्ह करा, म्हणजे यादीत सगळ्यात वर दिसतील.